वास आला म्हणजे घर स्वच्छ झालं?

फिनाईलचा वास दरवळला की घर स्वच्छ झालं, ही समजूत घरोघरी पक्की बसली आहे. ती चुकीची आहे. नुसत्या वासाने जंतू मरत नाहीत. उलट बंद खोलीतल्या उग्र दर्पाने दमेकऱ्याला धाप लागू शकते. कोरड्या फडक्याने झटकलेली धूळ हवेत उडून पुन्हा कपाटावरच बसते, म्हणून फडकं ओलं, घट्ट पिळलेलं हवं. खरी काळजी घ्यायची ती अंथरुणाची! ॲलर्जी वाढवणारे धुळीतले सूक्ष्म कीटक गादी-उशीत राहतात. चादरी, अभ्रे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले की त्यांतले कीटक मरतात. आणि जास्त लख्ख व्हावं म्हणून संडासात ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीही ओतू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.