कांगारू की गिलोटिन?

रत्नागिरीच्या अभ्यासिकांत एमपीएससीची तयारी करणारी पोरं हे दोन शब्द हमखास एकमेकांच्या जागी लिहितात. दोन्ही ब्रिटिश संसदेतून आलेले, आणि दोन्हींचं कामही एकच: विधेयकावर सुचवलेल्या बदलांचा, म्हणजे सुधारणांचा, ढीग पडला तरी सभागृहाचं काम अडू न देणं.

समजा, हर्णैकडच्या एखाद्या मच्छीमार सोसायटीची वार्षिक सभा आहे. ठराव: दर नौकेमागे वर्गणी 500 रुपये. त्यावर तीस उपसूचना. कोणी म्हणतो 450, कोणी 425, कोणी 400. एक जण 'दर' काढून 'प्रत्येक' घाला म्हणून हटून बसलाय (असा एक जण कुठल्याही सभेत असतोच). अध्यक्षांनी 450 आणि 400 या दोनच उपसूचना घेतल्या आणि मधल्या उडी मारून ओलांडल्या, तर ते कांगारू. उलट, शेवटची एसटी चुकायला नको म्हणून ठरल्याप्रमाणे पाचच्या ठोक्याला चर्चा थांबवली आणि उरलेलं सगळं भराभर मताला टाकलं, तर ते गिलोटिन.

खरी मेख पुढे आहे. कांगारूत ओलांडलेली सुधारणा मताला येतच नाही. गिलोटिनमध्ये मत होतं, पण त्यावर बोलायला मिळत नाही. शिवाय गिलोटिन आंधळं असतं: विधेयकाच्या सुरुवातीच्या खंडांवर (कलमांवर) तासन्‌तास खल झाला की शेवटच्या खंडांच्या वाट्याला काहीच उरत नाही.

लोकसभेच्या नियमांत अध्यक्षांना सुधारणा निवडण्याचा अधिकार आहे. निवडण्याआधी सदस्याला 'हेतू सांगा' असंही ते म्हणू शकतात. संविधान सभेत मसुद्यावर सुमारे 7,635 सुधारणा आल्या आणि प्रत्यक्षात 2,473 मांडल्या गेल्या. मंडणगडच्या आंबडव्याला मूळ गाव असलेल्या बाबासाहेबांनीच 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात हे आकडे दिले. ही सगळी गळती कांगारूमुळे नव्हे. कितीतरी सदस्यांनी आपल्या सुधारणा मांडल्याच नाहीत. पण उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी खुर्चीवर असताना निव्वळ शाब्दिक सुधारणा सरळ नाकारत, ती मात्र याच जातीची निवड. खुर्ची निष्पक्ष असेल तोवर मला हीच पद्धत बरी वाटते.

गिलोटिन आपल्याकडे गाजतं ते अर्थसंकल्पात. अनुदानाच्या मागण्यांसाठी (म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांसाठी) ठरवून दिलेल्या शेवटच्या दिवशी, ठरलेल्या वेळी, उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला जातात. एरवी निदान काही मंत्रालयांवर तरी चर्चा होते. 2018 आणि 2023 मध्ये मात्र गदारोळात लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही. 2023 मध्ये त्यात मत्स्यव्यवसाय मंत्रालयाचीही मागणी होती. एखाद्या बंदरातल्या गाळाचा किंवा रखडलेल्या जेटीचा प्रश्न काढायला खासदाराच्या हाती मागण्यांवरच्या चर्चेत 100 रुपयांची कपात सूचना (मागणीतून तेवढे रुपये कमी करा, अशी) असते. रक्कम नाममात्र, त्या निमित्ताने गाऱ्हाणं मांडता यावं एवढ्यासाठीच ती असते, आणि गिलोटिन लागलं की नेमकं तेच राहून जातं.