चूक कळायला किती वेळ? खानदेशातल्या घरच्या फोटोंची पार्श्वभूमी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी, खुर्चीत बसवलेले आबा, त्यांच्या मांडीवर नातवंडं, आणि जेवणं उरकण्याआधी भर बाराला अंगणात काढलेला फोटो. असा फोटो नाही असं घर खानदेशात शोधावं लागेल. त्यात आबांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा असतात आणि नाकाची सावली थेट ओठांवर उतरलेली असते. जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते. त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावरून दहा अंशही ढळलेला नसतो. उजेड वरून सरळ खाली पडतो आणि भुवयाच डोळ्यांवर छत धरतात.

ही चूक तीन पिढ्यांच्या अल्बममध्ये दिसते. कॅमेरे बदलले तरी ती राहिली, कारण फोटो काढणाऱ्याला ती कुणी नेमकेपणानं सांगितली नाही, किंवा सांगितली तेव्हा फार उशीर झाला होता. घरच्या फोटोंचा इतिहास बघताना हाच धागा धरायला हवा: चूक झाल्यापासून ती काढणाऱ्याला कळेपर्यंत किती वेळ गेला आणि कळली ती किती नेमकी.

या भागात कॅमेरा आला तो माणसांसाठी नव्हता. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांनी काढलेली लेण्यांची छायाचित्रं १८६४ मध्ये पुस्तकातून प्रसिद्ध झाली. गिल १८७९ मध्ये वारले, त्यांचं थडगं भुसावळला आहे. दगड हलत नाही, त्यामुळे लांबलचक एक्स्पोजर, म्हणजे काचेवर बराच वेळ उजेड पडू देणं, लेण्यांना चालून गेलं. माणसाच्या चेहऱ्याचा प्रश्न वेगळा होता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. तिथे सभासद एकमेकांची चित्रं बघत, रसायनांवर बोलत. मात्र ही चर्चा मूठभर लोकांपुरती होती.

तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन या चिकट द्रावाचा थर ओतायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी डेव्हलप करायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम. खानदेशच्या उन्हाळ्यात काच आणखी लवकर सुकणार. कटकट मोठी होती, पण एक फायदा होता. समोरचं कुटुंब उठून जायच्या आत निगेटिव्ह (उजळ ते काळं दाखवणारं उलटं चित्र) हातात यायचं. मूल हललं, सुनेनं मान खाली घातली, हे तिथल्या तिथे दिसायचं आणि दुसरी काच भरता यायची. चूक आणि दुरुस्ती यांच्यात पाव तासाचं अंतर होतं. पुढे कितीतरी वर्षं हौशी माणसाला एवढं जवळचं अंतर मिळालं नाही.

स्टुडिओचा उजेड उत्तरेच्या खिडकीतून घेत, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. आपल्याकडे याला एक अपवाद आहे. खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्या दीड-दोन महिन्यांत उत्तरेच्या काचेलाही पातळ पांढरा पडदा लागतो. आज घरात फोटो काढणाऱ्यालाही हे उपयोगी आहे. एरवी उत्तरेचं दार उघडून त्याच्यापासून तीन-चार फूट आत माणूस बसवला की स्टुडिओचाच उजेड मिळतो.

जुन्या फोटोंत कुंकू काळं आणि लाल लुगडं कोळशासारखं दिसतं, याचं कारण काचेच्या रसायनात आहे. सुरुवातीच्या प्लेटांना फक्त निळा-जांभळा उजेड दिसायचा. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवाही दाखवला. लाल दिसायला लागला तो विसाव्या शतकात. सावळी कातडी लालसर उजेड जास्त परत फेकते, निळा कमी. त्यामुळे सावळे चेहरे होते त्याहून काळे यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘फोटो काळा आला.’ हा अभिप्राय खरा होता, पण दुरुस्ती चुकीच्या जागी झाली. उजेड बदलण्याऐवजी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहरा उजळ करायची रीत पडली. निगेटिव्हवर जिथे शिसं चढतं तिथे प्रिंट पांढरी येते. सुरकुत्या गेल्या, गालाचा उंचसखलपणा गेला. आजच्या मोबाईलमधला ‘ब्यूटी’ मोड तेच करतो, आणि तो बंद केल्याशिवाय आजीचा फोटो आजीसारखा येणार नाही हे इथे ठामपणे सांगायला हवं.

रोल फिल्म आली आणि कॅमेरा घरात आला. १८८८ मध्ये कोडॅकनं शंभर फोटोंची फिल्म भरलेला कॅमेरा विकायला काढला. फोटो संपले की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. सोय झाली, पण चूक आणि बातमी यांच्यात आठवडे पडले. आपल्याकडे हौशी घरांत रुळला तो बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक-३. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी १२ फोटो. फिल्म महाग, म्हणून एक रोल गणपतीला सुरू व्हायचा आणि लग्नसराईत संपायचा. धुऊन येईपर्यंत कोणता फोटो किती अंतरावरून, कुठल्या वेळी काढला हे कुणाच्या लक्षात असणार?

या काळात खरा समीक्षक होता लॅबमधला माणूस. निगेटिव्हची पट्टी उजेडावर धरून तो दोन वाक्यांत दोष सांगायचा. डोकी कापली गेली असतील तर: ‘जवळून काढताना वर जागा सोडा.’ या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी भिंगाच्या वर असते. खिडकी आणि भिंग यांना थोडं वेगवेगळं दिसतं, आणि माणूस जवळ आला की हा फरक वाढतो. निगेटिव्ह पातळ, जवळजवळ पारदर्शक असेल तर उजेड कमी पडला. संपूर्ण चित्र एकाच दिशेनं पुसटलं असेल तर हात हलला. चेहरा पुसट पण मागची भिंत स्पष्ट असेल तर माणूस हलला किंवा फार जवळ होता. हे निदान निगेटिव्हवरूनच होतं, प्रिंटवरून नाही. बाराही निगेटिव्ह एकाच कागदावर दाबून काढलेली कॉन्टॅक्ट प्रिंट मागून घेतली तर आणखी कळायचं: एकच माणूस प्रत्येक फोटोत त्याच चुका करतो हे शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

१९८० च्या दशकात रंगीत मिनीलॅब, म्हणजे फिल्म धुऊन प्रिंट काढणारी मशीनं, शहरांत आल्या आणि हा संवाद तुटला. मशीन प्रत्येक प्रिंटचा उजेड स्वतः सरासरीवर आणायचं. निगेटिव्ह कमी-जास्त असली तरी फोटो ‘बरा’ यायचा. चूक झाकली गेली, म्हणून शिकणंही थांबलं. एक गोष्ट मात्र मशीनलाही झाकता आली नाही, ती फ्लॅशची. उजेड अंतराच्या वर्गानुसार घटतो. दोन मीटरवरच्या पहिल्या रांगेला जेवढा फ्लॅश मिळतो त्याच्या चौथा हिस्सा चार मीटरवरच्या मागच्या रांगेला मिळतो. पुढची मुलं पांढरीफटक, मागचे काका अंधारात. उपाय रांगांमधलं अंतर कमी करण्याचा आणि सगळ्यांनाच मागे नेण्याचा: पुढचे चार आणि मागचे पाच मीटरवर आले की फरक दीडपटीवर येतो. कॅमेऱ्याच्या लहान फ्लॅशला मात्र एवढी ताकद असायला हवी.

नेमका अभिप्राय देण्याची परंपरा हौशी मंडळांनी आणि सलॉन प्रदर्शनांनी टिकवली. सलॉनमध्ये परीक्षक गुण देतात, चित्र स्वीकारतात किंवा परत पाठवतात. खानदेशातलं याचं ठळक नाव चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९). जवळपास पन्नास वर्षं ते घराबाहेर फारसे पडले नाहीत, पण त्यांची चित्रं देशोदेशीच्या प्रदर्शनांत जाऊन बक्षिसं घेऊन आली. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून उभी केलेली त्यांची दृश्यं प्रसिद्ध आहेत. उजेड कुठून, किती, कशावर, हे टेबलावर हलवून बघता येतं, आणि चेहऱ्यालाही तेच नियम लागतात. गुणपत्रिकेचा दोष एवढाच की ती आकडा सांगते, कारण सांगत नाही. कारण मिळायचं मंडळाच्या बैठकीत. तिथली एक युक्ती आजही करण्यासारखी आहे: पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापायचे, फोटोवर चौकटीसारखे ठेवायचे आणि आतबाहेर सरकवायचे. कडेला अर्धवट आलेली मोटारसायकल, डोक्यातून उगवलेला खांब, दोरीवरचे कपडे लगेच डोळ्यात भरतात.

आता पडद्यावर फोटो क्षणात दिसतो. ओल्या काचेचं पाव तासाचं अंतर दोन सेकंदांवर आलं. पण वेळ वाचला तसा नेमकेपणा गेला. भाऊबंदांच्या ग्रुपवर फोटो पडला की ‘भारी शे’, अंगठा, फुलं. प्रेम खरं असतं, त्यातून पुढचा फोटो मात्र सुधारत नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली शटर (ते किती वेळ उघडं होतं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), भिंग यांची नोंद गळते. ज्याच्याकडून दोष काढून घ्यायचा त्याला मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. मग चेहरा पुसट का आला हे अंदाजानं सांगावं लागत नाही: शटर १/१५ सेकंद दिसलं की उजेड कमी होता, म्हणून ते जास्त वेळ उघडं राहिलं, हे उघड आहे. खेळत्या मुलाला निदान १/२५० लागतं.

विचारायचंही नेमकं. ‘कसा आहे?’ असं विचारलं की ‘छान’ येणारच. ‘डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसतो का? हात कुठे कापले गेलेत? नजर आधी चेहऱ्यावर जाते की मागच्या पत्र्यावर?’ असं विचारलं तर आत्याबाईसुद्धा अचूक सांगतात. फोटोतल्या माणसांचा अभिप्राय वेगळा धरावा. त्यांना आपला पदर, आपलं पोट दिसतं. ते खोटं नसतं, पण उजेडाबद्दल ते काही सांगत नाही.

खानदेशातले काही दोष इथल्याच परिस्थितीतून येतात. पांढरी टोपी आणि पांढरं धोतर चौकटीत जास्त असलं की कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा भाग) सगळं दृश्य करड्यावर आणतो आणि आबांचा चेहरा काळवंडतो. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाची खूण थोडी वर सरकवावी. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत काढलेल्या फोटोत पानांतून गाळलेला उजेड कातडी हिरवट करतो. बागेच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभं राहिलं की हिरवेपणा जातो. मोबाईलचं मुख्य भिंग रुंद असतं, म्हणून कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. तीन-चार पावलं मागे जाऊन २x वर काढावं, कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवाला सगळी भाऊबंदकी एकत्र येते आणि आभाळ बहुतेक भरलेलं असतं. वर्षातला सगळ्यात मऊ उजेड तोच. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी, डोळे मिटलेलं कुणीच नसावं म्हणून किती फोटो काढावेत याचं गणित मांडलं आणि त्यांना २००६ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीननं भागायचं, कमी उजेडात दोननं. रोटाच्या (कानबाईच्या प्रसादाच्या) जेवणाआधी बारा जण ओसरीवर असतील तर चार फोटो, ढग दाटले असतील तर सहा. त्यानंतर कुणालाही उठू न देता पडदा मोठा करून एकेक चेहरा तपासायचा, मागच्या रांगेपासून सुरुवात करून.