कौल

कौल (पु.) : अडचणीच्या वेळी देवतेला प्रश्न विचारून, मूर्तीला किंवा पाषाणाला लावलेली पाकळी, कळी वा तत्सम वस्तू कोणत्या बाजूने पडते त्यावरून तिची आज्ञा समजून घेण्याची रीत. दक्षिण कोकणात ‘कौल लावणे’, तर गोव्यात ‘प्रसाद घेणे’ असे म्हणतात. छपरावरचे कौल (न.) हा वेगळा शब्द.

व्युत्पत्ती : शब्द अरबी ‘कौल’ (वचन, बोल) यावरून आला, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. शाक्तांच्या (शक्ती म्हणजे देवीच्या उपासकांच्या) कौल मताशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण त्या मताचा संबंध ‘कुल’ शब्दाशी असून येथे तो केवळ ध्वनिसाम्याचा दिसतो. सुलतानशाही व मराठेशाहीच्या कागदपत्रांत कौल म्हणजे सत्तेने रयतेला दिलेले अभयवचन. ओसाड गाव पुन्हा वसवायचे, तर सारा बेताने घेऊ, उपद्रव होऊ देणार नाही, असा कौलनामा दिला जाई. इंग्रजांच्या दप्तरांतही हा शब्द शिरला. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो पट्टा व अभयपत्र या अर्थांनी आहे. देवाच्या उत्तराला हे नाव याच वापरावरून मिळाले असावे. कोकणी गाऱ्हाण्यात (देवापुढे मोठ्याने केलेल्या विनवणीत) देवाला ‘म्हाराजा’ म्हणूनच हाक मारतात आणि जमलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात, हे या तर्काला पोषक आहे. रीत मात्र शब्दाहून जुनी असणे संभवते; गोव्यातील ‘प्रसाद’ हा संस्कृत पर्याय तेच सुचवतो. ‘मतदारांचा कौल’ हा प्रयोग अर्थातच अलीकडचा.

पद्धती : गुरव किंवा पुजारी प्रश्न मांडतो. सामान्यतः उजवा कौल होकारार्थी आणि डावा नकारार्थी. काहीच न पडल्यास थांबावे लागते किंवा प्रश्न बदलून विचारतात. वस्तू आणि ती लावण्याच्या जागा देवळागणिक बदलतात. आजारपण, हरवलेली वस्तू, सोयरीक, भाऊबंदकी हे नेहमीचे विषय.

गावाचे सामाईक निर्णयही कौलाने होतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख कौलानंतरच ठरते. मालवण तालुक्यातील आचरे येथे गावपळणीत सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहतो. तीन दिवसांनी रामेश्वराचा कौल घेतात आणि तो मिळाला तरच लोक घरी परततात. न मिळाल्यास मुक्काम वाढतो.

इतर धर्मांत : चीनमध्ये देवापुढे चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडी ठोकळे टाकून होकार-नकार पाहतात. प्राचीन इस्राएलात याजकाजवळच्या उरीम व थुम्मीम यांच्याद्वारे देवाला विचारीत. त्या वस्तू नेमक्या कशा होत्या याविषयी मतभेद असले, तरी चिठ्ठ्यांसारखे काही साधन असावे हे मत अधिक पटते. न पडलेल्या कौलासारखा प्रसंग तेथेही आहे : पलिष्ट्यांची छावणी पाहून घाबरलेल्या शौल राजाला देवाने स्वप्नांनी, उरीमने किंवा संदेष्ट्यांकरवी काहीच उत्तर दिले नाही (बायबल, 1 शमुवेल 28).