नाट्यछटा (शालेय सादरीकरण)

एकाच पात्राच्या बोलण्यातून प्रसंग आणि त्या पात्राचा स्वभाव उभा करणारा छोटा गद्य नाट्यप्रकार. मराठीत तो शंकर काशीनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर (१८८९–१९३१) यांनी रूढ केला. वर्गात, स्नेहसंमेलनात आणि आंतरशालेय स्पर्धांत विद्यार्थी नाट्यछटा सादर करतात. साहित्यातले पात्र स्वतःच्या अंगावर घेऊन बोलण्याचा पहिला अनुभव मराठी शाळेतल्या अनेक मुलांना मिळतो तो याच प्रकारातून. दिवाकरांच्या लेखनाचे वाङ्मयीन मूल्यमापन हा स्वतंत्र नोंदीचा विषय असून येथे सादरीकरणाला आवश्यक तेवढाच भाग घेतला आहे.

व्याख्या करताना तीन शेजारी प्रकार बाजूला काढावे लागतात. स्वगतात पात्र स्वतःशीच बोलते. नाट्यछटेत समोर कोणीतरी असते, फक्त ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. एकपात्री प्रयोगात नट एक असला तरी पात्रे अनेक असतात, पु. ल. देशपांडे यांचा ‘बटाट्याची चाळ’ हा प्रयोग त्या जातीचा. नाट्यछटेत सामान्यतः नट एक आणि पात्रही एकच. तिसरा शेजारी कीर्तनाचा उत्तररंग. बुवा आख्यानात एकामागून एक सोंगे वठवतात खरे, पण निवेदक म्हणून पुन्हा श्रोत्यांकडे वळतात. नाट्यछटेला निवेदक नसतो. ‘हा मनुष्य ढोंगी आहे’ असे कोणी सांगत नाही. ते त्याच्याच तोंडून, त्याच्या नकळत बाहेर पडते.

उगमाविषयी मतभेद आहेत. दिवाकरांची पहिली नाट्यछटा म्हणून ‘महासर्प’ हिचा उल्लेख केला जातो; तिचा काळ सप्टेंबर १९११ असा देतात. पुढे त्यांनी लिहिलेल्या नाट्यछटांची संख्या एक्कावन्न सांगितली जाते. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग (१८१२–१८८९) याच्या नाट्यात्म एकभाषितांवरून त्यांना हा घाट सुचला, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. ब्राउनिंगच्या १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माय लास्ट डचेस’ या कवितेत एक सरदार पाहुण्याला दिवंगत पत्नीचे चित्र दाखवतो आणि बोलता बोलता स्वतःचेच काळे अंतरंग उघडे करतो. पाहुणा अखेरपर्यंत गप्प. ही रचना आणि दिवाकरांची रचना यांतले साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. मात्र ब्राउनिंगची रचना पद्यात आहे आणि दिवाकरांचे गद्य घरगुती बोलीतले, तुटक, टिंबे आणि उद्गारचिन्हे यांनी भरलेले.

दुसरा पक्ष संस्कृत भाणाकडे बोट दाखवतो. भरताच्या नाट्यशास्त्रातील दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, भाण हे एकपात्री. त्यात आत्मानुभव सांगणारा आणि दुसऱ्याचा वृत्तांत वर्णन करणारा असे दोन भेद आहेत. भाणातला विट (रंगेल, चतुर नागरिक) रस्त्याने जाताना न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो. ‘किं ब्रवीषि’ (काय म्हणतोस?) असे विचारून तो समोरच्याचे म्हणणे स्वतःच उच्चारतो आणि त्याला उत्तर देतो. या युक्तीला आकाशभाषित म्हणतात. नाट्यछटेतले ‘काय म्हणता?’ हे तिचेच मराठी रूप, असा या पक्षाचा युक्तिवाद. तंत्रापुरता तो बिनतोड वाटतो. परंतु ‘चतुर्भाणी’ या नावाने ओळखले जाणारे चार प्राचीन भाण एकत्र छापून आले ते १९२२ मध्ये, म्हणजे पहिल्या नाट्यछटेनंतर दहा-अकरा वर्षांनी. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेतून उत्तरकालीन काही भाण त्याआधीच उपलब्ध झाले होते, त्यामुळे शक्यता अगदीच मोडीत निघत नाही. तरी त्या भाणांचा शृंगारप्रधान, वेश्यावस्तीतला विषय आणि नाट्यछटेतली मध्यमवर्गीय माजघरे यांत अंतर फार. घाट ब्राउनिंगचा आणि भाणाशी नाते समान गरजेतून आलेले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

येथे आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते: दिवाकर पेशाने शाळामास्तर होते. पात्राच्या तोंडचे भाषण हा वर्गातला पाठ असणे हेही जुनेच. ग्रीक-रोमन वक्तृत्वशिक्षणात ‘अमुक प्रसंगी अमुक पात्र काय बोलेल’ असा स्वतंत्र धडा असे. चौथ्या शतकातील वक्तृत्वशिक्षक अफ्थोनियसने ग्रीक पुराणकथेतील, मुले गमावलेल्या नायोबीच्या तोंडचे नमुनाभाषण दिले असून ते वर्तमान, भूत, भविष्य या क्रमाने रचण्याची रीत घालून दिली. संत ऑगस्टीनने तर जूनो देवीचा संताप शाळेत भाषण करून दाखवल्याची आठवण लिहून ठेवली आहे. या परंपरेचा दिवाकरांशी थेट संबंध जोडता येत नाही. मास्तराला असा प्रकार का सुचावा एवढे तिच्यावरून उमगते.

वर्गाच्या दृष्टीने नाट्यछटेची सोय उघड आहे. पडदा नको, सहकलाकार नकोत, एका तासात चार-पाच मुले उभी राहू शकतात. पूर्ण नाटकात एखाद-दुसऱ्या मुलाला भूमिका आणि बाकीच्यांना भालदार-चोपदार, तसे येथे होत नाही. अवघड असते ते न दिसणारे माणूस. एक काल्पनिक उदाहरण घेऊ : ‘या, या! बसा ना. काय म्हणता, चहा नको? वा, असं कसं! आधण ठेवलंय. (आत वळून, दबक्या आवाजात) अगं, अर्धाच कप टाक!’ यात पाहुणा खुर्चीवर, पत्नी आत, आणि बोलणारा मध्ये. मुलाची नजर पाहुण्यासाठी एका ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या उंचीवर टिकली पाहिजे. ती घसरली की पाहुणा उठून गेला. ‘काय म्हणता’ नंतरचा विराम पाहुण्याचे वाक्य मावेल एवढा लांब हवा. नवशिकी मुले समोरच्याचे बोलणे संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी होतात, किंवा विराम पाठ केल्यासारखे मनात आकडे मोजतात. दोन्ही प्रेक्षकाला ताबडतोब कळते. आवाजाचा चढ-उतार त्यामानाने लवकर जमतो. ‘अर्धाच कप’ हे हशा वसूल करण्यासाठी ओरडून म्हणण्याचा मोह मात्र सुटत नाही, आणि तिथे पात्र जाऊन नकलाकार उरतो.

पुण्यात नाट्यसंस्कार कला अकादमीतर्फे दिवाकरांच्या स्मरणार्थ नाट्यछटा स्पर्धा भरवली जाते. अशा स्पर्धांत दिवाकरांच्या ‘पंत मेले – राव चढले’सारख्या छटांबरोबर पालक-शिक्षकांनी, क्वचित मुलांनीच, लिहिलेल्या नव्या संहिताही असतात. मोबाइलवरचे बोलणे हा त्यांतला आवडता प्रसंग, कारण पलीकडचा माणूस न दिसण्याला आयतेच निमित्त मिळते. शास्त्र म्हणून पाहता ही पळवाटच होय. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांची स्वगतेही स्नेहसंमेलनात ‘नाट्यछटा’ या नावाखाली सर्रास सादर होतात. वरील व्याख्येत ती बसत नाहीत, पण आठवीतल्या मुलाने खांद्यावर आजोबांची शाल घेतलेली असली की परीक्षक सहसा हरकत घेत नाहीत.