अकरावीचे विषय निवडताना: आयआयटी, आयसर, नीट आणि दिल्ली विद्यापीठासाठी पात्रता व कागदपत्रे

दहावीचा निकाल लागला की घराघरात चर्चा होते ती कॉलेजची. विषयांचा विचार प्रवेश घेताना खिडकीपाशी उभं राहून पाच मिनिटांत होतो, आणि पुढे दोन वर्षांनी नामांकित संस्थेची दारं उघडणार की बंद होणार हे त्या पाच मिनिटांत ठरून जातं.

अकरावीचा ऑनलाइन अर्ज दोन भागांत भरायचा असतो. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स यांपैकी काय कुठे मिळतं याची चौकशी पसंतीक्रम भरण्याआधीच करा.

खरा पेच विज्ञान शाखेत आहे. बायफोकल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्ससारखा व्यावसायिक विषय दोनशे गुणांचा असतो आणि तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. कॉम्प्युटर सायन्सवाले बहुधा जीवशास्त्र सोडतात. इंजिनिअरिंगच करायचं पक्कं असेल तर हे उत्तम. पण मनात थोडी जरी शंका असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि जीवशास्त्र हे चारही ठेवा, असं मी प्रत्येक पालकाला कळकळीने सांगते. अभ्यास वाढतो, हे खरंच. पण पंधराव्या वर्षी मुलाला स्वतःची आवड पुरती कळलेली नसते.

आयआयटीसाठी गणित, फिजिक्स, केमिस्ट्री लागतं. शिवाय बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत, स्थान हवं. इथे बोर्डाची सहाशेपैकी टक्केवारी धरत नाहीत. हे तीन विषय, एक भाषा आणि आणखी एक विषय अशा पाचांची धरतात. त्यामुळे क्लासच्या नादात इंग्रजीकडे दुर्लक्ष केलं तर ते महागात पडतं.

पुण्यातल्या आयसरसारख्या विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या संस्थांना फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि जीवशास्त्र या चारपैकी किमान तीन विषय चालतात, बारावीला ६० टक्के लागतात. मात्र त्यांच्या प्रवेशपरीक्षेत चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला, फिजिक्स, केमिस्ट्री, जीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हवं. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून देऊन पात्र होण्याची वाट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकळी केली, पण त्या भरवशावर विषय सोडू नये. त्यात उमेदीचं एक वर्ष जातं.

कॉमर्सची मुलं गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतात, कारण त्यात गुण मिळतात. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला मात्र बारावीचं गणित अनिवार्य आहे, आणि सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षाही गणितात द्यावी लागते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या बी.स्टॅटलाही गणिताशिवाय अर्ज करता येत नाही. गणित जड जात नसेल तर ते सोडू नका, मग शाखा कोणतीही असो.

कागदपत्रांत दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार लागतंच. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच द्या. निकालानंतर धावाधाव करून ते वेळेत हाती पडेलच असं नाही. ओबीसींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: आयआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं, आणि ते प्रवेशाच्या वर्षातल्या १ एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. तीन वर्षांसाठी मिळालेलं राज्याचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यालाही तारखेचा हाच नियम आहे.

विषय बदलायचाच झाला तर अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांतच प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा, आणि त्याची पोच घ्या.