पिकअपच्या हौद्यातील रिकव्हरी साहित्याची मांडणी

चिखलात, वाळूत किंवा बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढण्याची साधने पिकअपच्या हौद्यात अशी बसवणे, की ती चालत्या गाडीत जागची हलणार नाहीत आणि गाडी अडकल्यावर लागतील त्या क्रमाने हाती येतील, यास रिकव्हरी साहित्याची मांडणी म्हणतात. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व अमेरिका येथे निर्जन मुलखातून पिकअपने लांबचा प्रवास करणाऱ्यांनी ही पद्धत विशेष विकसित केली आहे.

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला पोलादी हौदा जोडून कारखान्यातच तयार केलेला पिकअप विक्रीस आणला, तेव्हा त्याच्या हौद्याच्या कडांना खुंट बसवण्यासाठी चार खोबणी ठेवल्या होत्या. माल आवळून बांधण्याची गरज या वाहनाच्या रचनेत सुरुवातीपासून गृहीत धरलेली दिसते. मांडणीचे मूळ सूत्र मात्र वाळवंटात घडले. ब्रिटिश लष्करातील अभियंता राल्फ बॅगनॉल्ड याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस लिबियाच्या वाळवंटात केलेल्या मोहिमांत चाकांखाली घालण्यासाठी पोलादी पन्हळी वापरल्या. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’च्या शेवरले ट्रकांवर या पन्हळी हौद्याच्या आत न ठेवता बाहेरच्या अंगाला अडकवलेल्या असत, त्यामुळे सामानाला हात न लावता त्या काढता येत. आजच्या प्लॅस्टिकच्या ट्रॅक्शन बोर्डांची (पकड मिळावी म्हणून चाकांखाली घालायच्या फळ्यांची) जागाही बहुधा हौद्याच्या बाहेरच असते, आणि ते योग्यच आहे.

गाडी सपाट जागी उभी असताना सर्वांत नीटनेटकी दिसणारी मांडणी गाडी रुतल्यावर सोयीची ठरेलच असे नाही. मागची चाके आसापर्यंत खचली किंवा गाडी उताराच्या कडेला टेकली, तर मागचा फाळका उघडतच नाही, आणि मग फाळक्याकडून बाहेर सरकणारे महागडे खण असून नसल्यासारखे होतात. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत लागणाऱ्या वस्तू, म्हणजे फावडे, टायरमधील हवा कमी करण्याचे साधन व हवेचा दाब मोजणारा गेज, ट्रॅक्शन बोर्ड आणि हातमोजे, या बाजूच्या कडेवरून उभ्या उभ्या काढता येतील अशा ठेवाव्यात. पुष्कळदा हवा कमी करून चाकांपुढची माती उपसली एवढ्यानेच गाडी निघते. ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा, शॅकल (पट्टा गाडीला जोडण्याची पोलादी कडी) आणि तुटलेला दोर उसळू नये म्हणून ओढताना त्यावर टाकायची जड चादर ही दुसऱ्या टप्प्याची साधने असून ती एकाच पिशवीत असावीत. चादर वेगळ्या जागी ठेवली की घाईत ती काढलीच जात नाही. विंचचा (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचा) जादा दोर, कप्पी आणि झाडाला गुंडाळायचा पट्टा यांचा क्रम त्यानंतर येतो. गाडी ओढण्यासाठी टो बॉल (ट्रेलर जोडण्याचा मागचा गोळा) कधीही वापरू नये. तो तुटून तोफगोळ्यासारखा उडाल्याने माणसे दगावली आहेत.

वजनाची जागा हा दुसरा प्रश्न. जड वस्तू केबिनच्या भिंतीलगत, तळाशी, मागच्या आसाच्या पुढे ठेवाव्या लागतात, कारण आसामागे साठलेले वजन पुढची चाके हलकी करते आणि चढावर स्टिअरिंगची पकड कमी होते. डबल कॅब (आसनांच्या दोन रांगा असलेल्या) पिकअपचा हौदा सुमारे दीड मीटरच लांब असल्याने हा नियम पाळणे दिसते तितके सोपे नाही. उंच उचलणारा हाय-लिफ्ट जॅक सुमारे १३–१४ किलोचा असतो. तो मोकळा पडला असेल आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडल्याच्या वेगाने तो केबिनवर आदळतो. त्यामुळे जॅक, टॉमी आणि पान्यांची पेटी हौद्यातील कड्यांना रॅचेट पट्ट्यांनी (खटक्याने घट्ट आवळता येणाऱ्या पट्ट्यांनी) आवळावी. नुसती जाळी टाकणे पुरेसे नाही. अग्निशामक व प्रथमोपचार पेटी हौद्यात न ठेवता केबिनमध्येच ठेवणे बरे.

साहित्याची झीज बहुतेक वेळा वापरापेक्षा साठवणीत होते. नायलॉनचा पट्टा ओला असताना त्याची ताकद घटते, बॅटरीतील आम्ल त्याला खाते, आणि धाग्यांत शिरलेली वाळू प्रत्येक ताणासरशी ते कापत राहते. विंचच्या कृत्रिम दोराला सूर्यप्रकाश बाधतो. म्हणून पट्टे धुऊन, वाळवून, जाळीच्या पिशवीत, डिझेलच्या कॅन व बॅटरीपासून दूर ठेवावेत. पोलादी शॅकल पट्ट्यांच्या पिशवीत ठेवले तरी मोकळे टाकू नयेत, कारण घासून धागे तुटतात.

भारतात इसुझू व्ही-क्रॉस (२०१६) आणि टोयोटा हायलक्स (२०२२) या गाड्या आल्यानंतर खासगी वापरातील पिकअपमध्ये अशी मांडणी दिसू लागली. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया या पावसाळी स्पर्धेत सहचालकाला धावत उतरून विंच जोडावी लागते, त्यामुळे पट्टा आणि शॅकल कोठे आहेत यावर तेथे वेळेचा हिशेब अवलंबून असतो. महाराष्ट्रातील मालवाहू पिकअपमध्ये हौदा मालासाठीच लागतो; जॅक, टॉमी, पाने आणि टोचन करण्याचा दोर चालकाच्या आसनामागे किंवा आसनाखाली असतो. काळ्या जमिनीच्या पट्ट्यात मात्र फावडे जवळ असणे फार महत्त्वाचे आहे, कारण चिकट माती टायरच्या नक्षीत भरून चाक गुळगुळीत होते आणि ती खरवडून काढल्याशिवाय बोर्डांचाही फारसा उपयोग होत नाही.