कंटेनरमधील सॉफ्टवेअर चाचणी

एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या लिनक्स वितरणांवर, भाषेच्या आणि डेटाबेसच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांसोबत चालतो का, हे एकाच संगणकावर कंटेनर (प्रोग्रॅम व त्याला लागणाऱ्या फाइली इतरांपासून वेगळ्या ठेवून चालवण्याची बंदिस्त जागा) उभे करून तपासण्याची पद्धत. कंटेनरमधल्या प्रक्रियांना लिनक्सच्या नेमस्पेसमुळे स्वतंत्र फाइलव्यवस्था व नेटवर्क दिसते, तर सीग्रुपमुळे त्यांच्या मेमरी-सीपीयूवर मर्यादा घालता येते. या सोयी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आधीपासून होत्या. २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर चालवण्याचे साधन आल्यावर त्या सर्वसाधारण प्रोग्रॅमरच्या हाती पडल्या.

कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो यजमानाचाच, म्हणजे ज्या संगणकावर चालतो त्याचाच, वापरतो. त्यामुळे ‘सेंटओएस ७ वर तपासले’ याचा खरा अर्थ त्याच्या लायब्रऱ्यांवर तपासले एवढाच, त्याचा ३.१० कर्नल त्यात आलाच नाही. कर्नल मॉड्यूल किंवा ड्रायव्हरसाठी स्वतःचा कर्नल असलेले आभासी यंत्रच लागते.

बरेच दोष सापडतात ते सी लायब्ररीतल्या (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम वापरतात त्या मूळ लायब्ररीतल्या) फरकांमुळे. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी या सी लायब्ररीची २.३५ आवृत्ती आहे, अल्मालिनक्स ८ मध्ये २.२८. नव्यावर बांधलेली बायनरी (चालवण्याजोगी फाइल) जुन्यावर बहुधा ‘आवृत्ती सापडली नाही’ म्हणून सुरूच होत नाही. जुन्यावर बांधलेली मात्र नव्यावर सहसा चालते. म्हणून बांधणी सर्वांत जुन्या इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर उभा राहतो त्यात) करावी आणि चाचणी सगळ्यांत. अल्पाइन या वितरणाची तऱ्हा वेगळी: तिथे जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते. पायथनची मेनीलिनक्स व्हील (जीलिबसीसाठी आधीच बांधलेली पॅकेजे) तिथे चालत नाहीत, आणि नव्या थ्रेडला मसल मुळात १२८ केबीच स्टॅक (फंक्शनच्या कॉलसाठी राखलेली मेमरी) देते. जीलिबसीवर तो सहसा ८ एमबी असतो. खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणे) असलेला कोड अल्पाइनवरच कोसळला, तर आधी हा स्टॅक पाहावा.

जोड्या भराभर वाढतात. ४ वितरणे, पायथनच्या ४ आवृत्त्या आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ३ धरल्या तर ४८. प्रत्येकी ५ मिनिटे म्हणजे ओळीने ४ तास. रोज सर्वांत जुनी व सर्वांत नवी जोडी आणि रिलीजपूर्वी सगळ्या, एवढे बहुतेकांना पुरते.

इमेज ‘लेटेस्ट’ टॅगने घेऊ नये, तो टॅग सरकत राहतो. डायजेस्ट, म्हणजे त्या नेमक्या इमेजची न बदलणारी ओळख, लिहून ठेवावा. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) आधी अवलंबनांची (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची) यादी कॉपी करून ती बसवावीत, मग कोड आणावा. म्हणजे कोडची एक ओळ बदलली म्हणून सगळे पुन्हा बसवावे लागत नाही. सोर्स फोल्डर कंटेनरला फक्त वाचनासाठी माउंट करून (जोडून) आत त्याची प्रत घ्यावी. हे टाळले तर डेबियनमध्ये बांधलेली फाइल तिथेच राहते आणि पुढच्या कंटेनरमध्ये तीच वापरली जाते: चाचणी हिरवी (पास), पण खोटी.

कंपोझ या, अनेक कंटेनर एकत्र सुरू करण्याच्या, साधनातले साधे ‘डिपेंड्स ऑन’ डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्यापुरतेच थांबते, तो जोडणी स्वीकारेपर्यंत नाही. हेल्थचेकची (डेटाबेस तयार आहे का हे तपासण्याची) अट जोडावी लागते. एक्झिट कोड १३७ म्हणजे प्रक्रिया सिगकिलने (सक्तीने बंद करण्याच्या सिग्नलने) मारली गेली, बहुधा मेमरी संपल्याने. क्रोम मध्येच कोसळत असेल तर सामायिक मेमरी वाढवावी. डॉकर मुळात ६४ एमबीच देते. सीपीयूचा कोटा घातला तरी कित्येक टूल यजमानाचे सगळे कोर मोजतात आणि दोन कोरांच्या वाट्यावर सोळा वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया) सोडतात. वर्करांची संख्या स्वतः द्यावी. घड्याळ बहुतेक इमेजमध्ये यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असते, म्हणून भारतीय लॅपटॉपवर पास होणारी ‘आजची तारीख’ची चाचणी कंटेनरमध्ये मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच फेल होते आणि दिवसा कुणालाच सापडत नाही.